तांबडे सरांची तांबडी रेषा

कॉलेजात त्यांना सगळे तांबडे सर म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते हजेरीपटापुरतं उरलं होतं. प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगीत रेषा बघायला नळी पेटली की सर हात चोळत म्हणायचे, "आधी तांबडी रेषा पकडा, बाकीच्या कुठे जात नाहीत." त्यावरून पोरांनी ठेवलेलं हे नाव. गंमत अशी, की ती तांबडी रेषा सरांना जन्मात कधी दिसली नव्हती.

गडद तांबडं त्यांना काळंच दिसे, आणि हिरवं नि तपकिरी यांत काडीचा फरक कळत नसे. हे ठाऊक होतं फक्त बायकोला. ती कपडे शिवायची. लग्नानंतर एकदा सरांनी तपकिरी कापडाला चक्क हिरवा दोरा आणून दिला, आणि बिंग फुटलं. हसून हसून तिची पुरेवाट झाली. तेव्हापासून सरांचे शर्ट-पँट तीच काढून ठेवी.

कॉलेजात मात्र सांगायचा धीर त्यांना कधी झाला नाही. त्या रेषा बघायच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावायची वेळ आली की ते म्हणत, "मी कशाला बघू? प्रयोग तुझा, तू बघ." पोरांना वाटे, केवढा विश्वास टाकतात सर!

एका दुपारी एक उंचेला विद्यार्थी दुर्बिणीपाशी बराच वेळ वाकून उभा राहिला. "सर, निळी दिसते, जांभळी दिसते. तांबडी नाहीच."

त्याच्या जोडीदाराने डोकावून पाहिलं. "आहे की! चांगली ठसठशीत आहे."

वर्गात खसखस पिकली. त्याने पुन्हा पाहिलं, आणि वह्या दप्तरात भरू लागला.

"काय झालं रे?" सरांनी विचारलं.

"विषय बदलतो, सर. मला रंग नीट कळत नाहीत, डॉक्टर म्हणाले होते. वाटलं, इथे चालून जाईल."

 सर उठले, सगळ्यांदेखत दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "मलाही दिसत नाही. कधीच दिसली नाही."

 सरांनी खडू उचलला. "तांबडी रेषा उमटते तेव्हा इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर उतरतो. तेरा पॉइंट सहाला दोनच्या वर्गाने भाग."

"तीन पॉइंट चार," तो पुटपुटला.

"आता तीनच्या वर्गाने."

"एक पॉइंट एक्कावन्न."

"वजाबाकी कर."

"एक पॉइंट एकोणनव्वद इलेक्ट्रॉन व्होल्ट."

"ही झाली त्या फोटॉनची ऊर्जा. बाराशे चाळीसला हिने भागलंस की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये हातात."

"सहाशे छप्पन्न!" आता त्याचा आवाज चढला होता. त्यावरून आणि प्रकाश फाकवणाऱ्या जाळीच्या रेघांवरून त्याने दुर्बिणीचा कोन काढला, तेवीस अंशांच्या जरा पुढचा. दुर्बीण तिथे नेऊन स्क्रू आवळला आणि जोडीदाराला म्हणाला, "बघ."

जोडीदाराने पाहिलं. "आयला! बरोबर दुर्बिणीतल्या फुलीच्या मधोमध!"

"भाषा," सर म्हणाले, पण रागावायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. उंचेल्याने विषय बदलला नाही. पुढे त्याच प्रयोगात तो चांगल्या गुणांनी पास झाला.

घरी सरांनी सगळं सांगितलं तेव्हा बायको शिवणयंत्र थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. "सगळ्यांसमोर बोललात?"

"बोललो."

"मग आता मलाही दाखवा. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. पडदे ओढले, नळी पेटवली, हिशोबाने कोन लावला. ती वाकली ती बराच वेळ उठेचना.

"आहे का गं?"

"आहे हो."

"कशी आहे?"

"निखाऱ्यासारखी."

"निखारा मला कसा दिसतो, तुला काय माहीत!"

ती हसली. "बरं, गरम आहे असं समजा."

"खरं तर इथल्या सगळ्या रेषांत हिचीच ऊर्जा सर्वांत कमी."

"असू दे. दिसायला गरम आहे. आता दुसरी दाखवा."

सरांनी पेन्सिल उचलली. "म्हणजे चौथ्या पातळीवरून…"

"अहो, गणित नको. रेषा."

सरांनी पेन्सिल ठेवली, दुर्बिणीला डोळा लावला आणि स्वतःला दिसणाऱ्या निळसर रेषेवर नजरेनेच फुली आणून ठेवली. मग बाजूला सरकून त्यांनी बायकोला जागा करून दिली.