दोन सोडा, तीन मारा

"तीनदा ऐका मास्तर, मग शिव्या घाला."

हे वाक्य तो म्हणे तेव्हा त्याचा चेहरा मला दिसत नसे. भोके पाडून झालेला पुठ्ठ्याचा पत्ता त्याने खिडकीकडे धरलेला असे आणि एक डोळा मिटून तो त्या भोकांतून उजेड तपासत असे. पत्त्यामागून आवाज येई, आणि त्याच्या बनियनवर उजेडाचे ठिपके पडलेले असत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. कामातून डोके न काढता जी आयुष्याचा नियम सांगून टाकतात.

त्याच्याविषयी लिहावे असे माझ्या मनात नव्हते. परंतु गेल्या महिन्यात आमच्या चादरीच्या कारखान्यातील जुन्या मंडळींचा मेळावा भरला, आणि तिथे एका माजी मुकादमाने त्याची गोष्ट ज्या प्रकारे सांगितली, ती ऐकून गप्प बसणे मला शक्य नाही. "आपल्याकडं पत्त्यांना भोकं पाडणारा एक गाणंवेडा पंचवाला होता बघा," मुकादम ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "गाण्याच्या नादात त्यानं मोराची मान मोडली की हो." सभागृह हसले. ज्यांनी चादरीवरचा तो मोर कधी डोळ्यांनी पाहिला नाही, तेही हसले.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मान मी मोडली."

यावर मुकादमांनी काय करावे? माझ्याकडे हात करून ते म्हणाले, "मास्तर पहिल्यापासून मोठ्या मनाचे." टाळ्या वाजल्या. चाळीस वर्षांहून अधिक काळ जी गोष्ट घशात अडकली होती, ती बाहेर काढली, तर लोकांनी तिला औदार्याचे लेबल लावून मला परत दिली. मी मोठ्या मनाचा नाही. माझे मन किती मोठे होते, ते आता सविस्तर सांगतो.

सत्तरचे दशक अर्धे सरले होते. सोलापुरात मागांचा खडखडाट सकाळी सुरू होई, आणि तो थांबला की माणसांना कानात काहीतरी कमी झाल्यासारखे वाटे. मी त्या कारखान्यात नक्षी काढणारा; म्हणून 'मास्तर'. चौकटींच्या कागदावर मी मोर, वेली, कमळे भरत असे. त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची, ते पत्ते एकामागून एक शिवून मागावर चढवायचे, आणि भोकांप्रमाणे माग सूत उचलणार. पत्त्यात चूक झाली की ती चादरीत उतरलीच. माग दुरुस्त करत नाही. तो फक्त आज्ञा पाळतो.

पत्ते मारण्याचे काम त्याचे. मी समोर बसून कागद वाचत असे: भरलेली चौकट आली की "मारा", रिकामी आली की "सोडा". "चार सोडा, एक मारा, दोन सोडा, तीन मारा." तो पंच ठेवी आणि हातोडी हाणी. दिवस दिवस आम्ही दोघे असे समोरासमोर. पुठ्ठ्याच्या बारीक टिकल्या उडून त्याच्या केसांत, भुवयांत बसत. "बायको म्हणते, रोज अक्षता पडल्यासारखा घरी येतो," असे तो सांगे. घरी तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी, आणि गाणी हिंदी. मात्र गाण्याचे शब्द त्याला कधीच पाठ नसत. तो चाल गाई, आणि शब्दांच्या जागी हातोडी.

त्याच्यापाशी एक ट्रान्झिस्टर होता. जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीत ठेवला जाई आणि नव्या चित्रपटांतली गाणी वाजत. त्यांतल्या एका गाण्याचा मला विशेष तिटकारा होता. प्रारंभी गिटारीची खरखर, मग एका बाईचा दमलेला आवाज, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तीन लांब ठोके आणि लगेच दोन आखूड. त्या वेळी पोरांच्या लांब कल्ल्यांपासून लग्नाच्या बँडपर्यंत सगळीकडे तेच. मी दर रविवारी शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला जाणारा माणूस. मी म्हणत असे, हे गाणे नव्हे, ही भांड्यांची दुकानदारी आहे.

"तीनदा ऐका मास्तर."

"एकदाच ऐकलं, तेवढ्यानं जेवण कडू झालं."

"कारलं बी पयल्यांदा कडूच की."

"तिसऱ्यांदाही कडूच असतं."

"मग खाताव कशाला तिसऱ्यांदा?" तो विचारी, आणि वर माझ्या डब्यातले कारले उचली.

त्याला गप्प करावे म्हणून मी एकदा त्याला आमच्या बैठकीला नेले. धुतलेला सदरा घालून तो मांडी घालून बसला. तासाभराने माझ्या कानाशी येऊन त्याने हळूच विचारले, "मास्तर, हा माणूस सुरुवात कवा करणार?" शेजारच्या वकिलांनी वळून पाहिले. मला लाज वाटली. त्याची नव्हे, त्याला आणल्याची. आणि याच दोन लाजांत माणसाची पारख होते, हे मला फार उशिरा समजले.

पुढच्या रविवारी तो न बोलावता आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. तिसऱ्या बैठकीनंतर चहाच्या टपरीवर बशी खाली ठेवत तो म्हणाला, "आता कळालं. तो सुरुवात करतच नाही. दारात उभारून आतलं सगळं दाखवालाय. लई भारी हाय मास्तर." त्या बैठकीत वर्षानुवर्षे माना डोलावणाऱ्यांपैकी एकालाही, मला धरून, इतके नेमके बोलता आले नव्हते.

हे ध्यानात घ्या. माझ्या गाण्याच्या बाबतीत त्याने स्वतःचा नियम पाळला. त्याच्या गाण्याच्या बाबतीत मी काय केले? मी मालकांकडे गेलो आणि ट्रान्झिस्टर बंद करण्याची मागणी केली. "गाण्यानं लक्ष उडतं, एक दिवस पत्ता चुकेल," असे मी म्हणालो. मालक म्हणाले, "त्याचा हात चुकत नाही मास्तर. वाजू दे की." मी अपमानित होऊन परतलो. मेळाव्यात कोणी तरी म्हणाले की ट्रान्झिस्टर मी फोडला. तेही खोटे. फोडणे हे प्रामाणिक कृत्य झाले असते.

मग तो मोर आला. मोठी चादर, चारी कोपऱ्यांत मोर, आणि प्रत्येकाच्या मानेवर पिसांची बारीक नक्षी. ती नक्षी एकाच नमुन्याने चाले: दोन सोडा, तीन मारा, दोन सोडा, तीन मारा. ही चादर साधली असती तर नक्षीकार म्हणून माझे नाव शहरभर झाले असते, आणि ते मला हवे होते. मानेचे पत्ते आम्ही एका दुपारी, जेवणानंतर मारले. काम विलक्षण वेगाने झाले. मी वाचतोय, तो हाणतोय, कुठे अडखळणे नाही. तो मधूनमधून माझ्याकडे पाहून हसत होता. मला वाटले, कामाचा आनंद.

चादर मागावरून उतरली तेव्हा मालक स्वतः आले होते. चारी मोरांच्या माना मुरगळल्यासारख्या दिसत होत्या. नक्षी भरीव हवी तिथे विरळ, विरळ हवी तिथे भरीव. मालकांनी पत्त्यांची माळ पाहिली, माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले.

"कागद बरोबर आहे," मी म्हणालो. हे वाक्य खरे होते, आणि तेवढेच खरे होते.

मग मी तो कागद घेऊन खोलीत गेलो, दार लोटले, आणि मानेच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागलो. डोळ्यांना दिसत होते दोन सोडा, तीन मारा. तोंडातून येत होते तीन सोडा, दोन मारा. तीन लांब, दोन आखूड. बेरीज पाचच, म्हणून ओळ बरोबर भरली आणि पत्ता मारताना त्याच्या हाताला काही खटकले नाही. ज्या गाण्याला मी भांड्यांची दुकानदारी म्हणत होतो, ते माझ्या जिभेवर घर करून बसले होते. आणि खरे लिहायचेच तर, मी ती ओळ पुन्हा वाचली, चुकीचीच, कारण ती म्हणताना बरे वाटत होते.

बाहेर जाऊन एवढे सांगायचे होते. पण चूक कबूल करायची तर गाणेही कबूल करावे लागणार होते. चुकीची मला तितकी लाज नव्हती. मी दार उघडून बाहेर आलो तेव्हा तो मालकांना सांगत होता, "चूक माझी हाय मालक. गाण्याच्या नादात मारलो."

मी ऐकले. मी उभा होतो, माझ्या हातात कागद होता, आणि मी ऐकले.

मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं मास्तर." मी मान हलवली. मोरांच्या माना मोडल्या होत्या. माझी व्यवस्थित हलली. त्याला पंचावरून काढून सूत उकलण्याच्या कामावर बसवले. ट्रान्झिस्टर बंद झाला. ते काम त्याने आठवडाभर केले आणि मग तो भिवंडीला जायला निघाला.

जायच्या दिवशी तो माझ्या खोलीत आला. मी कागदावर चौकटी भरत होतो, म्हणजे भरत असल्याचे दाखवत होतो.

"काय करालाव मास्तर?"

"कमळ."

"बरं." त्याने माझ्या कागदावर नजर टाकली. "तिसऱ्यांदा झालं वाटतं."

मी वर पाहिले.

"त्या दुपारी तुमी वाचालता, तवाच मला कळालं. तेच गाणं. आकडे उलटे झालेत हे नाही कळालं, देवाशप्पथ. चाल तेवढी कळाली. लई बरं वाटालतं ऐकाला. म्हणलं, थांबवलो तर मास्तर लाजतील आणि परत म्हणणार नाहीत. म्हणून नाही थांबवलो. तर चूक माझीच की."

त्याने माझ्या टेबलावरचा एक जुना पत्ता उचलला, खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला. ठिपके पडले. मग पत्ता जागच्या जागी ठेवून तो गेला. तो भिवंडीतच वारल्याचे मला काही वर्षांनी तिसऱ्याच माणसाकडून कळले. तोवर ते गाणे कोणी लावत नव्हते. मी मात्र एकदा एका हॉटेलात ते लागले म्हणून निवलेल्या चहासमोर बसून राहिलो होतो.

तेव्हा मुकादमांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपली गोष्ट दुरुस्त करून घ्यावी. त्याचा हात चुकला नाही. हातोडीने आज्ञा पाळली. आज्ञा चुकीची होती, आणि देणारा अद्याप जिवंत आहे, मेळाव्यांत त्याला पहिल्या रांगेत बसवतात.

ती मोडक्या मानेची चादर मी मालकांकडून मागून घेतली होती. ती माझ्या पलंगावर आहे. कधी दुपारी तिच्या कोपऱ्यावर बोट ठेवतो आणि हळू आवाजात वाचतो, तीन सोडा, दोन मारा. मग थांबतो. त्या जागी हातोडीचा ठोका यायला हवा.