तीन आकड्यांचे एक अक्षर

दिनांक ३ मार्च, सकाळी साडेदहा. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात माझ्या थोरल्या बहिणीच्या हाती निलंबनाचे पत्र ठेवण्यात आले. कारण: 'नोंदी विद्रूप केल्या.' ही तक्रार मी लिहितो आहे, कारण ताईने आयुष्यात कधी तक्रार केली नाही आणि तिचे तेच चुकले.

बावीस वर्षे ती तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसली. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो. त्या आकड्यांची पुन्हा अक्षरे करणारा प्रोग्राम तिचा. माझी मुले तिला 'आकडेआत्या' म्हणतात.

जानेवारीत नवे विभागप्रमुख आले. त्यांनी तो प्रोग्राम उघडला.

"बाई, या तीन-तीन आकड्यांच्या मोळ्या कशाला बांधल्यात? एक आकडा, एक अक्षर. सुटसुटीत!"

"साहेब, इंग्रजी अक्षर एका आकड्यात मावतं. आपल्या 'क'ला तीन लागतात: २२४, १६४, १४९. मोळी सोडलीत तर 'क' जाईल आणि तीन भुतं उभी राहतील."

"मग उतरवायला तुम्ही आहातच की!"

सगळी खोली हसली. साहेबांनी मोळ्या सोडल्या, स्वतःचे नाव इंग्रजीत टंकून पाहिले. नीट उमटले. झाली चाचणी!

दुसऱ्याच दिवशी चाळीस हजार रुग्णांच्या नोंदी त्यातून काढून नवी प्रत केली. नावांच्या जागी खुणांचा गिचमिडा. 'हे इंजेक्शन देऊ नये' या सूचनांच्या जागीही तोच. ज्या आकड्याला चिन्ह सापडले नाही, तेथे प्रश्नचिन्ह ठोकलेले. म्हणजे त्या प्रतीवरून मूळ मजकूर परत मिळणे नाही. चौकशी समितीने प्रोग्रामच्या माथ्यावरचे नाव तेवढे वाचले. ते ताईचे होते.

ती घरी आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात.

"अगं, कुणी बदललं ते सांगायचं नाही का?"

"सांगितलं रे. लिहून कुठं घेतलं? माझं राहू दे. मूळ फायली अजून शाबूत आहेत, जुना प्रोग्राम लावला की अर्ध्या दिवसात सगळं परत येईल. पण संगणकात जागा करायला शनिवारी त्या पुसणार आहेत. मग कुठलं इंजेक्शन कुणाला द्यायचं नाही, हे कोण सांगणार?"

मी दोन अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर नाही.

वाचकहो, या रुग्णालयात आपली नोंद असेल, तर शनिवार, आठ तारखेच्या आत तेथे जा आणि मूळ फायली पुसू नयेत, अशी लेखी मागणी स्वतःच्या सहीने करा.