तिसऱ्या रांगेतलं पहिलं हसू

मी शिकवायचे त्या सातवी ब मध्ये एक मुलगा भलत्या वेळी हसायचा. मी त्याला 'खुदकन' म्हणायचे. वर्गाबाहेर किती वेळा उभा केला असेल, त्याची गणती नाही. तोच खुदकन आज पन्नाशीत हसण्याचीच नोकरी करतो.

एक मालिका आहे. चार शाळकरी पोरं गॅरेजमध्ये बँड काढतात. दर भागात एक भांडण, एक फजिती आणि शेवटी एक गाणं. शूटिंग समोर बसलेल्या पाहुण्यांच्या हशासकट होतं. खुदकन तिसऱ्या रांगेत कडेला बसतो आणि विनोद झाला की सगळ्यांच्या आधी हसतो. एक हसला की बाकीचे आपोआप हसतात. मलाही हे काम सोपं वाटलं होतं. पण तोच विनोद पाचव्यांदा होतो, बाकांवर पाठी मोडलेल्या असतात, तेव्हा नव्यानं ऐकल्यासारखं हसणं महाकठीण. म्हणून हा सकाळची तालीम बघून प्रत्येक विनोदाची जागा पाठ करतो. शाळेत पाढे कधी पाठ केले नाहीत!

मध्यंतरी दिग्दर्शक त्याला म्हणाला, "काका, हशाचं यंत्र आणावं म्हणतोय. बटण दाबलं की हसतं, वर चहा मागत नाही. शुक्रवारी तुमचं काम बघतो, मग ठरवतो."

खुदकनच्या तोंडचं पाणी पळालं. धीराला म्हणून शुक्रवारी त्यानं मला आणि बायकोला बोलावलं.

"घरी हे कधी हसत नाहीत, बाई," बायको माझ्या कानाशी म्हणाली. "म्हणतात, ड्यूटी संपली."

"अगं, हळू बोल," तो पुटपुटला आणि बोटांवर विनोदांच्या जागा मोजू लागला.

पहिले दोन प्रसंग झकास झाले. तो हसला की आम्ही चाळीसजण मेंढरांसारखे मागोमाग. तिसऱ्यात बँडची गायिका डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी बँड सोडतेय."

सकाळच्या तालमीत याच वाक्यावर ड्रमवाला स्टुलावरून पडला होता. ते पडणं जेवणाच्या सुट्टीत कापलं गेलं. त्या वेळी खुदकन आम्हाला घ्यायला फाटकावर आला होता. त्याला काय ठाऊक?

तो हसला. पोट धरून. आणि आम्ही सरावलेली माणसं, आम्हीही हसलो.

मुलगी थबकली. मग खरोखरच भडकली. "हसा! याचे ड्रम याच्या घरी चौथ्या मजल्यावर कोण चढवतं, विचारा याला!"

"माझी पाठ दुखते ना," ड्रमवाला ओशाळून म्हणाला.

यावर जो हशा उसळला, तो कुणी सुरू करून द्यावा लागला नाही. एकटा खुदकन तेवढा हसत नव्हता.

"थांबा!" दिग्दर्शक पुढे आला. "आधी कोण हसलं?"

हा प्रश्न मी आयुष्यभर विचारला. त्या दिवशी मात्र माझीच मान खाली गेली. खुदकन उठला, सातवीत उठायचा तसाच, एक खांदा पाडून. "मी, सर."

दिग्दर्शकानं त्याला हातानं खाली बसवलं. मग पोरांकडे वळला. "आत्ता बोललात ते छान होतं. तेच ठेवू. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. परत पुन्हा घेतलं. पाचव्या खेपेला आमच्यात हसू उरलं नव्हतं. "विचारा याला!" म्हणून मुलगी थांबली, आणि सगळीकडे सामसूम. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून हसू फुटलं, जणू हे वाक्य त्यानं आत्ताच ऐकलं. आम्ही सगळे त्याच्यामागे वाहत गेलो.

"यंत्र राहू दे," दिग्दर्शक जाता जाता म्हणाला. "सोमवारी या. पण काका, जेवण झाल्यावरही एकदा संहितेचा कागद बघत जा."

बस स्टॉपवर खुदकन गंभीरपणे सांगत होता, "बाई, थोडक्यात वाचलो हं..."

शेजारून फिस्स असा आवाज आला. बायकोनं तोंडावर पदर दाबला होता. "ती पोरगी रडतेय... आणि हे..." पुढचं तिला बोलवेना.

त्यानं क्षणभर रागानं पाहिलं. मग तोही हसला. या वेळी दुसरा.