टेकलंय

केजच्या जनावरांच्या दवाखान्यात एक बाई म्हातारं कुत्रं लुगड्याच्या झोळीत घेऊन आली. पाठीला हात लागला की ते कण्हायचं आणि मागचे पाय फरफटायचे. रांगेत माझ्यापुढचा शेळीवाला म्हणाला, "मावशी, बसलं की हे. कशाला वढताय आता?"

आमच्याकडं जनावर 'बसलं' म्हणजे संपलं. ऊस तोडून कंबर गेलेल्या बायांनाही लोक हाच शब्द लावतात, आणि तो ऐकला की माझं डोकं तापतं. मी तोंड उघडणार तोच बाई शांतपणे म्हणाली, "बसलं न्हाई, टेकलंय. तू न्हाई का टेकत बांधावर?"

डॉक्टरांनी सांगितलं, मणके झिजलेत, हृदयही थकलंय. किडनी कमजोर असल्यानं नेहमीची दुखण्यावरची गोळी चालणार नाही. ते दुसरी देतील, पण रोज शेकायचं आणि थोडं थोडं चालवायचं. "जमेल?"

"माझी कंबर रोज मिठाच्या पुरचुंडीनं शेकते. त्यातच ह्याचं बी हुईल."

जाताना तिनं कुत्र्याला झोळीत घेतलं नाही. लुगड्याची घडी त्याच्या पोटाखालून घालून मागची बाजू उचलून धरली, दुसरा हात स्वतःच्या कमरेवर ठेवला आणि त्याच्या चालीनं चालू लागली. फाटकाशी दोघंही थांबली. ती पायरीवर बसली, कुत्रं तिच्या पायाशी.

शेळीवाला धावला. "काय झालं, मावशी?"

"काय न्हाई. टेकलोय आमी."

थोड्या वेळानं कुत्रंच आधी उठलं.