मातीकडे बघणारे मामा

शिरूरच्या सायबर कॅफेत बसून बसून मला लोज्बानचा नाद लागला होता. तर्कशास्त्रावर बेतलेली, मुद्दाम घडवलेली ही भाषा. तिच्यात साधं ‘मेंढरू’ म्हणायचं तरी आधी ठरवावं लागतं, की मनात असलेलं नेमकं एक मेंढरू, की कुठलंही चालेल? आपल्या मराठीत असली कटकट नाही.

एका दुपारी वरवंडच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना मी ‘तो मेंढरू शोधतोय’ या वाक्यापाशी अडलो होतो. खांद्यावर घोंगडं टाकलेले एक मामा शेजारी येऊन टेकले. बसल्या बसल्या काठीच्या टोकाने पायाजवळचा पाचोळा बाजूला सारत होते.

“मामा, कुणी मेंढरू शोधत असेल, तर त्याचं हरवलंय की त्याला विकत घ्यायचंय, हे कसं ओळखायचं?”

मला वाटलं, वेड्यात काढतील. पण ते जरा विचार करून म्हणाले, “त्याचं डोळं बघायचं. घेणारा कळपावरनं नजर फिरवतो. ज्याचं हरवलंय, त्यो मातीकडं बघत येतो. खुराचा माग दिसतोय का म्हून.”

मी खूश होऊन ते वहीत उतरवून घेतलं. मान वर केली, तर मामा उठून निघाले होते. रस्त्याच्या कडेने, वाकून, पावलापावलाला थांबत.

इतक्या वेळात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

नेमक्या मेंढराचा शब्द मी वहीत लिहिला. ते दिसायला कसं होतं, एवढं मात्र विचारलंच नाही.