जेठांच्या वाट्याचं टेकाड

माझ्या जेठांचं तोंड दिसलं की माझा दिवस वाया जातो. नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणून डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या तापीकाठच्या घरांतली रीत. ते भावाला सांगणार, भाऊ मला सांगणार, मग मी समोर उभी का असेना. ज्याने ही रीत पाडली त्याचे उपकारच. नाहीतर आमची रोज जुंपली असती.

मी हायस्कुलात इतिहास शिकवते. उन्हाळ्याच्या सुटीत मोबाइलवर नकाशा उघडून आकाशातून काढलेले फोटो बघत बसायचा मला नाद लागला. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की आमच्याकडची जमीन वरून काळीभोर दिसते. त्या काळ्यात गोलसर पांढुरका डाग दिसला, तर तिथे कधीकाळी गाव असण्याची शक्यता मोठी. चुलींची राख, पडलेल्या भिंती, यांनी माती पांढरी होते. असे डाग शोधत मी सगळा नदीकाठ पालथा घातला आणि सगळ्यात ठसठशीत डाग निघाला जेठांच्या टेकाडावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

टेकाडावर जाऊन आले. तांबड्या खापरांवर काळ्या रेघा, शंखाच्या बांगडीचा एक तुकडा; म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती. मला रडू आलं. त्याच आठवड्यात कळलं, की जेठ जेसीबी लावून टेकाड सपाट करणार आणि तिथे केळी घेणार.

ओट्यावर जेठ बसलेले असताना मी मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला. "त्यास्ले सांगा, हाई जुनं गाव शे. एक वरीस थांबा. मी पुरातत्त्ववाल्यास्ले बलावस."

"तिले सांग," जेठ भावाला म्हणाले, "मन्हा वावरमा सरकार आनू नको."

माझा तोल गेला. पदर खांद्यावर पडू दिला आणि थेट त्यांनाच विचारलं, "तुम्हले माटीमधलं काय समजस?"

नवऱ्याने मान खाली घातली. जेठांनी मोबाइल ओढून घेतला, फोटो बोटाने सरकवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "मंग हाई काय शे?"

त्यांच्या बोटाखाली एक फिकट पट्टा होता. टेकाडापासून निघून तो आमच्या, म्हणजे नवऱ्याच्या वाट्याच्या वावरात पसरला होता. मी तो कितीदा पाहिला होता; चुनखडी असेल म्हणून सोडून दिला होता.

"टेकाडनी पांढरी माटी खतनं काम करस. बापनी सांगं म्हनीसन मी बैलगाडी भरी भरीसन तठे टाकी. तुन्हा नवरा तवय शायामा शिके. वाटनी व्हयनी, पिकनारं वावर त्याले, उरेल टेकाड माले." त्यांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "तुले टेकाडनी इतली माया शे ना? त तुम्हनं वावर माले द्या, टेकाड तुम्ही ल्या. आजच लिखी देस."

मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. गावातलं सगळ्यात पिकाऊ वावर. मी पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. मी खिडकी लावून घेतली होती, तरी आवाज येतच होता. जेठांचा मला अजूनही संताप येतो. त्यांनी टेकाड मोडलं म्हणून येतोच, पण आमचं वावर त्या टेकाडाच्याच मातीवर पिकतं, हे त्यांचं म्हणणं खरं निघालं म्हणून जास्त येतो.

आता नकाशावर नवा फोटो आलाय. टेकाडाच्या जागी केळीचं हिरवं आहे. पांढरं उरलंय ते फक्त आमच्या मोकळ्या वावरात, आणि नांगरटीला खापरंही तिथेच निघतात. काळ्या रेघांची. मी ती बांधावर टाकून देते. पुरातत्त्ववाल्यांना काही कळवलेलं नाही. आमच्या वावरात सरकार नको.