वरून पाणी

आईला गिळता येत नाही, हे आम्हाला ठसक्यावरून कळलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर तिचा हात हलायला लागला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण पाण्याचा घोट भलतीकडेच, श्वासनळीत जायला लागला. नातेवाइकांनी नाकं मुरडली तरी मी तिला राहुरीजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं, कारण तिथे गिळण्याचे व्यायाम करून घ्यायला एक मॅडम यायच्या. गाल फुगवा, जीभ बाहेर काढा, ओठ घट्ट मिटा. आई सगळं करायची, तोंडापुढे पदर धरून.

अडलं ते पाण्यापाशी. हनुवटी छातीकडे घ्यायची, पेल्याला ओठ लावायचे आणि लहानसा घोट घ्यायचा, एवढंच होतं. पण आमची आई तिसगावकडच्या खेड्यातली, जुन्या वळणाची. जन्मभर तिने कधी तांब्याला तोंड लावलं नाही. मान मागे टाकायची आणि वरून धार सोडायची. लहानपणी मी तांब्याला ओठ लावले तर पाठीत धपाटा बसायचा. आता तीच मागे टाकलेली मान तिच्या जिवावर उठली होती.

"आजी, वरून प्यायलं की पाणी छातीत जातं," मॅडम समजावायच्या.

"मंग काय त्वांड लावू? उष्टं व्हतं ना."

"आई, हा पेला तुझ्या एकटीचा आहे," मी म्हणाले.

"घासत्यात तर समद्यांचे एकाच बादलीत."

चमच्याने पाजायला गेले की ती तोंड मिटून घ्यायची. माझी पाठ वळली की मान मागे, धार, आणि मग तो ठसका. तिचा चेहरा काळानिळा व्हायचा आणि मी नुसती पाठ चोळत उभी. चिडायचे, ओरडायचेसुद्धा, उपयोग शून्य. मग तिच्या छातीत कफ भरून ताप आला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर नाकातून नळी घालावी लागेल, मग तोंडाने काहीच द्यायचं नाही. आईने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला फार भीती वाटली.

दिवाळीनंतर आई माणसं विसरायला लागली. मला कधी बहीण समजायची, कधी कुणीच नाही.

एका दुपारी श्रीरामपूरहून एसटीने पोचले तर मॅडम दारातच भेटल्या. "ताई, आजींना जमलं. आता ठसका लागत नाही. बघा तरी."

मी घाईने आत गेले. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीने अर्धा चहा कपात तसाच ठेवला होता. आईने तो कप उचलला, हनुवटी खाली घेतली, काठाला ओठ लावले आणि सावकाश, घोट घोट करत चहा संपवला. एकदाही ठसकली नाही.

मॅडमचा चेहरा फुलला होता, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं. नळी टळली होती. मी आईच्या हातातून तो दुसऱ्याचा उष्टा कप काढून घेतला आणि तिथेच पलंगावर बसून रडायला लागले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परक्या बाईला विचारावं तसं अदबीने विचारलं, "अजून हाय का वो च्या?"